मुक्या प्राण्यांची अर्धीच साक्ष

महाराष्ट्रात १ जुलै हा दिवस कृषिदिन म्हणून पाळला जातो. १९१३ साली याच दिवशी पुसद तालुक्यातील गहुली या खेड्यात वसंतराव नाईक यांचा जन्म झाला आणि १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री या नात्याने त्यांनी संकरित बियाण्यांचा हिरिरीने पुरस्कार करून राज्याच्या शेतीला नवे वळण दिले. धान्यटंचाईने गांजलेल्या त्या काळात हे वळण अपरिहार्य होते, हे कोणीही विचारी माणूस नाकारणार नाही. परंतु नव्या बियाण्याच्या पाठोपाठ रासायनिक खत आले, खतापाठोपाठ कीड आणि तण यांचा प्रश्न अधिक बिकट झाला, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी पाठीवरचा फवारणीचा पंप आला. आज पुसदच्या आसपासच्या शिवारात, कपाशी आणि सोयाबीन ऐन भरात असताना, औषधाचा उग्र दर्प येत नाही असा आठवडा क्वचितच जातो. ‘औषध’ हाच शब्द तेथे रूढ आहे. विषाला औषध म्हणण्याची ही सवय पुष्कळ काही सांगून जाते.

या औषधाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांनी हा त्रिकोण सक्तीचा केला. ज्याला डब्यावरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, त्यालाही रंग कळतो, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. पण हा रंग ठरतो कसा, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेले असता प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, हे उंदरांवर पाहिले जाते. हे प्रमाण ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्रिकोण लाल, ५०० पर्यंत असेल तर पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेचेही असेच माप आहे. म्हणजे पुसदच्या शेतमजुराला सावध करणारा तो रंग ही वस्तुतः प्रयोगशाळेत मेलेल्या मुक्या प्राण्यांची साक्ष आहे.

ही साक्ष खरी आहे, पण अर्धी आहे. आज कोण मरेल, एवढेच ती सांगते. वीस वर्षांनी कोणाचा हात थरथरेल, कोणाचे पाऊल उंबरठ्याशी अडखळेल, याविषयी तो त्रिकोण अवाक्षर काढीत नाही. आणि तरीही प्राण्यांनी त्याविषयी साक्ष दिलेली नाही असे मुळीच नाही. सशांनी, उंदरांनी आणि माकडांनी ती गेली सुमारे सत्तर वर्षे दिलेली आहे. ती प्रयोगशाळांच्या दप्तरात पडून राहिली आणि शेताच्या बांधापर्यंत पोचली नाही, हा दोष प्राण्यांचा नव्हे. तो माणसांचा आहे.

सर्पगंधेचा धागा

कंपवाताचे आधुनिक वैद्यकातील पहिले व्यवस्थित वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. स्वस्थ बसले असता हाताला येणारा कंप, अंगाचा ताठरपणा, मंदावलेली हालचाल, पुढे झुकलेली चाल ही लक्षणे ज्यांच्या घरात असा रोगी आहे त्यांना सांगावी लागत नाहीत. मात्र या रोगात मेंदूमध्ये नेमक्या कोणत्या रसायनाचा तुटवडा पडतो, हे पुढची सुमारे एकशेचाळीस वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे सुटले, त्यात एका भारतीय वनस्पतीचा मोठा वाटा आहे.

ही वनस्पती म्हणजे सर्पगंधा. १९३१ साली कलकत्त्याच्या गणपती सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मनोविकार यांवरील तिच्या गुणाची नोंद केली. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या मुळांतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर ते सर्रास वापरले जाऊ लागले. आणि मग असे आढळले की, ते घेणाऱ्या काही रोग्यांचे अंग कंपवाताच्या रोग्यासारखे ताठ होते, हालचाल मंदावते. औषधाचा हा दुष्परिणामच संशोधनाचा दिवा ठरला.

स्वीडनमधील लुंड येथे अर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना आणि उंदरांना रेसरपिन टोचले. प्राणी जागच्या जागी निश्चल झाले. सशांचे कानही लोंबू लागले. नंतर त्यांना डोपा हे द्रव्य टोचण्यात आले, आणि काही मिनिटांत ते प्राणी पुन्हा हिंडूफिरू लागले. हा प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाला. मेंदूत डोपापासून डोपामिन तयार होते. तोवर हे डोपामिन दुसऱ्या एका रसायनाच्या वाटेवरचा केवळ एक टप्पा मानले जात असे. ते मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि हालचालींच्या नियमनाशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे या प्राण्यांनी दाखवून दिले. १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत डोपामिनचा दुष्काळ आढळला. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोटझिअस यांनी डोपाची मोठी मात्रा तोंडावाटे, बेताबेताने वाढवत देऊन रोग्यांना चालते केले. त्यातूनच लेव्होडोपा हे औषध रूढ झाले आणि आजही या रोगावरील उपचाराचा मुख्य आधार तेच आहे. कार्लसन यांना या कार्याबद्दल २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या इतिहासाला आणखी एक भारतीय पदर आहे. रानावनात जिच्या शेंगांच्या लवेने अंगाची आग होते, त्या खाजकुहिलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कंपवाताच्या रोग्यांवर या बियांचा उपयोग करून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे रोगाचे गुपित उघड करणारे द्रव्य एका भारतीय मुळात, आणि रोग्याला चालते करणारे द्रव्य एका भारतीय बीत होते. तरीही बियांत औषध आहे हे कळून वीस वर्षे लोटली, तोवर ते कशावरचे औषध आहे हे कोणाला उमगले नव्हते. ते उमगण्यासाठी निश्चल झालेला ससा पुन्हा उठून चालावा लागला. प्राण्यांवरील संशोधनाची सर्वस्वी हेटाळणी करणाऱ्यांनी या वस्तुस्थितीचा शांतपणे विचार करावा.

उंदीर फसवतो, माकड सांगते

या संशोधनाचा दुसरा अध्याय एका अपघाताने सुरू झाला. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण एकाएकी जख्ख म्हाताऱ्यासारखे ताठून गेले. त्यांनी चोरून बनविलेला कृत्रिम हेरॉइनसारखा मादक पदार्थ टोचून घेतला होता, आणि तो बनविताना त्यात एमपीटीपी नावाचे द्रव्य उतरले होते. विल्यम लँगस्टन यांनी हा प्रकार उजेडात आणला. हे द्रव्य मेंदूत गेल्यावर त्याचे रूपांतर होते आणि ते नेमके डोपामिन तयार करणाऱ्या पेशींत शिरून त्यांची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडते, हे पुढे उलगडले. माकडांना ते टोचताच माणसासारखाच रोग दिसू लागला. पांढऱ्या उंदरांच्या मोठ्या जातीवर मात्र त्याचा फारसा परिणाम होईना. केवळ त्या उंदरांवर विसंबून राहिले असते, तर हे द्रव्य निरुपद्रवी आहे असाच निष्कर्ष निघाला असता.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, एका जातीच्या प्राण्याची साक्ष दुसऱ्या जातीला जशीच्या तशी लागू करता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवर आंधळा विश्वास टाकणाऱ्यांना ही सणसणीत चपराक आहे. प्राण्यांच्या मेंदूतील पेशी वाचविणारी कित्येक द्रव्ये माणसांच्या चाचणीत निरुपयोगी ठरली, हाही त्याच धड्याचा भाग होय. दुसरा धडा असा की, योग्य प्राणी आणि योग्य प्रश्न यांची सांगड बसली तर साक्ष अमोल ठरते. एमपीटीपीने ताठलेल्या माकडांच्या मेंदूतील एक चिमुकले केंद्र निकामी केले असता त्यांच्या हालचाली सुधारतात, हे १९९० साली दिसून आले. मेंदूत विद्युततार बसवून त्या केंद्राला शांत करण्याची जी शस्त्रक्रिया आज मोठ्या शहरांत होते, तिला या प्रयोगाचा भक्कम आधार मिळाला.

परंतु शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा धागा निराळाच आहे. एमपीटीपीपासून मेंदूत जे विष तयार होते, त्याची रासायनिक घडण पॅराक्वाट या तणनाशकाच्या घडणीशी मिळतीजुळती आहे. हे साम्य दिसताच संशोधकांच्या मनात शंका उभी राहिली. पॅराक्वाट दिलेल्या उंदरांत डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींची हानी झाल्याचे अनेक प्रयोगांत आढळले. २००० साली अमेरिकेतील टिमोथी ग्रीनमायर यांच्या गटाने रोटेनोन हे कीटकनाशक उंदरांना दीर्घकाळ थोडे थोडे दिले, तेव्हा त्यांपैकी काहींत कंपवाताची लक्षणे आणि पेशींतील तशीच विकृती दिसून आली. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे द्रव्य आहे. ‘वनस्पतिजन्य ते निर्धोक’ असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवलेले बरे. येथे महत्त्वाचा शब्द आहे तो ‘थोडे थोडे’ हा. निम्मे प्राणी मारणारी मात्रा आणि पेशी हळूहळू पोखरणारी मात्रा ही दोन अगदी भिन्न मापे आहेत. डब्यावरील त्रिकोणाला यांपैकी पहिलेच तेवढे ठाऊक आहे.

माणसांविषयीचा पुरावा

प्राण्यांवरून माणसांकडे येताना सावधगिरी हवी. तथापि माणसांविषयीचा पुरावाही अगदीच नाही असे नाही. व्यवसायातून येणारे विष मेंदूच्या या केंद्रांना इजा करते, ही कल्पना जुनी आहे. ग्लासगोच्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत असा विकार आढळल्याचे जॉन कूपर यांनी १८३७ साली नोंदविले होते. ज्या विदर्भातील नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, त्या विदर्भाला तरी हे परके वाटू नये. २०११ साली कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील कीटकनाशके हाताळणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण ते न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट आढळले. २०१२ साली फ्रान्सच्या सरकारने कीटकनाशकांशी दीर्घकाळ संबंध आलेल्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला.

याचा अर्थ फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला कंपवात होईल असा नव्हे. हा रोग मुख्यतः उतारवयाचा आहे. आनुवंशिकतेचाही त्यात काही वाटा असतो. शिवाय प्रत्येक थरथर हा कंपवात नसतो. एकत्र आढळणे म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होणे नव्हे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या रोगाची जातकुळीच अशी आहे की, लक्षणे दिसू लागतात तेव्हा डोपामिन तयार करणाऱ्या पेशींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक आधीच गेलेल्या असतात. तरुणपणी पंप पाठीवर घेतलेल्या माणसाचा हात साठीत थरथरू लागला, तर तो त्या दोन गोष्टींचा संबंध जोडणार कसा? ‘वय झाले’ असे म्हणून घरचे गप्प बसतात. ज्या इजेला तक्रारदार नाही, तिची चौकशी होत नाही.

उलटपक्षी, तक्रारदार असले म्हणजे काय होते, ते यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. पुरुषभर उंचीच्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. सरकारने विशेष पथक नेमले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. ती विषबाधा कीटकनाशकांची आणि तत्काळ परिणाम करणारी होती; कंपवाताशी तिचा संबंध जोडणे अशास्त्रीय ठरेल. पण त्या घटनेने एक गोष्ट उघडी पाडली: ना हातमोजे, ना तोंडावर नीट आच्छादन, ना वाऱ्याच्या दिशेचे भान, अशा स्थितीत माणसे दिवसच्या दिवस विषाच्या तुषारांत उभी राहतात. एका दिवसात प्राण घेण्याइतके विष ज्या वाटेने शरीरात शिरते, त्याच वाटेने वर्षानुवर्षे थोडे थोडे विषही शिरत असणार, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

दोन आक्षेप

यावर दोन बाजूंनी आक्षेप घेतला जाईल. पहिला भूतदयेचा. या देशात तो हसण्यावारी नेता येणार नाही. १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने संशोधनासाठी होणारी माकडांची निर्यात बंद केली, ती याच जाणिवेतून. निश्चल होऊन पडलेला ससा, हातात फळ धरता न येणारे माकड, यांच्या यातना खऱ्याच आहेत. १९५९ साली रसेल आणि बर्च या ब्रिटिश संशोधकांनी सांगितलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, यातना कमी करा, ही आता कोणत्याही सुसंस्कृत प्रयोगशाळेची किमान मर्यादा मानली पाहिजे. पेशींच्या संवर्धनासारखी नवी साधने जसजशी हाती येतील, तसतसे प्राण्यांवरील प्रयोग घटलेच पाहिजेत. परंतु भूतदयेचा खरा प्रश्न याही पुढचा आहे. जे ज्ञान यातना देऊन मिळविले, ते वापरलेच नाही, तर त्या यातना निव्वळ क्रौर्य ठरतात. प्रयोगाचे नैतिक समर्थन प्रयोगशाळेत होत नाही. ते ज्ञानाच्या उपयोगात होते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा. निंदणाला माणसे मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, तण वाढले तर पीक हातचे जाते. मग तणनाशक वापरू नको म्हणणाऱ्याने निंदणाचा खर्च द्यावा, असे तो म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. पंप फेकून द्या असा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. पण येथे पंप आणि पोट यांत निवड करण्याचा प्रश्नच नाही. ज्या रसायनाविषयी शंका सबळ आहे त्याच्या जागी कमी शंकास्पद रसायन सुचविणे, फवारणाऱ्याच्या अंगावर ते पडणार नाही अशी साधने त्याला परवडेल अशा दरात देणे, आणि आपण काय हाताळतो आहोत हे त्याला पूर्णपणे सांगणे, एवढीच ही मागणी आहे. जो माणूस धोका पत्करतो त्याला धोक्याचे पूर्ण माप कळण्याचा हक्क आहे.

काय करता येईल

या दिशेने करण्याजोग्या गोष्टी अवाढव्य नाहीत. मुंबईतील पारशी वसाहतींत १४,०१० लोकांची घरोघर जाऊन तपासणी करण्यात आली आणि कंपवाताचे ४६ रोगी आढळल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झाले. एका लहान समाजाची इतकी काटेकोर गणना जर त्या काळात होऊ शकली, तर पुसदसारख्या तालुक्यातील फवारणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या कुटुंबांची तुलनात्मक पाहणी आज अशक्य का असावी? यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला वसंतराव नाईक यांचेच नाव आहे. शेतीच्या नव्या युगाचा पुरस्कार करणाऱ्या नेत्याचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने त्या युगाच्या परिणामांचा हिशेब मांडावा, यापेक्षा उचित स्मारक कोणते?

दुसरी गोष्ट लेव्होडोपाची. हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीत असणे आणि तालुक्याच्या रुग्णालयात बारमाही मिळणे यांत किती अंतर असते, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. ज्या रोगात गोळीची वेळ चुकली तर माणूस खाटेवरून उठू शकत नाही, त्या रोगात ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर निर्दय आहे. तिसरी गोष्ट शिक्षणाची. शाळा-महाविद्यालयांत चेतासंस्थेचा धडा शिकविला जातो, त्यात कार्लसन यांच्या सशांइतकेच डब्यावरील त्रिकोणालाही स्थान मिळाले, तर घरी गेलेला विद्यार्थी बापाच्या पाठीवरील पंपाकडे निराळ्या नजरेने पाहील. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, दीर्घकालीन धोक्याची सूचना डब्यावर, मराठीत, त्रिकोणाइतक्याच ठळकपणे छापणे कायद्याने सक्तीचे व्हावे.

पार्किन्सन यांनी रोगाचे वर्णन करून दोनशे वर्षे उलटून गेली. या काळात शेकडो प्रयोगशाळांत असंख्य प्राण्यांचा बळी गेला आणि त्यांनी दिलेल्या माहितीवर औषधे निघाली, शस्त्रक्रिया निघाल्या, पारितोषिके मिळाली. शहरातल्या रोग्याला त्यांचा लाभ होतो, हे योग्यच आहे. पण याच प्राण्यांनी जो इशारा दिला, त्याची सर्वांत अधिक गरज ज्याला आहे तो माणूस गुडघाभर चिखलात, वाऱ्याच्या तोंडाशी, पाठीवर पंप घेऊन उभा आहे. त्याच्या हातातील डब्यावर ती साक्ष पूर्ण लिहिली जाईल, त्या दिवशीच मुक्या प्राण्यांचे ऋण काही अंशी फिटले असे म्हणता येईल.